तानीचा ढेकर

आमच्या घरात ताटावर बसलं की विज्ञानाचा तास सुरू व्हायचा. आण्णा, म्हणजे माझे वडील, कळंब्याच्या तळ्यापलीकडच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचे आणि शाळेत जे शिकवायचं राहून जाई ते घरी चुलीसमोर पुरं करायचे. भाकरीचा पहिला तुकडा माझ्या तोंडात गेला की त्यांचा प्रश्न यायचा, "सुमे, आता काय चाललंय तुझ्या तोंडात?" मी म्हणायची, "भाकरी." "भाकरी नव्हे, लाळ! लाळ त्या पिठाची साखर करायला लागलीय. चाव. अजून चाव. गोड लागतीय का बघ." मी गोड लागेपर्यंत चावत बसायची आणि तोवर माझ्या ताटातला झुणका बापूकाकांच्या ताटात गेलेला असायचा. बापूकाका आण्णांचे धाकटे भाऊ. तालमीत वाढलेले, कुस्ती सुटली तरी खुराक न सुटलेले. ते घास चावत नसत, नुसते आत धाडत. चार भाकरी, वाटीभर खर्डा, वर लोटाभर निरसं दूध, आणि हात धुऊन पाच मिनिटांत घोरायला लागत. आण्णा मात्र अर्धी भाकरी मोजून मापून चावायचे आणि तिसऱ्या प्रहरापर्यंत पोटावर हात फिरवत अंगणात येरझाऱ्या घालायचे. पचनाचं शास्त्र सगळं आण्णांना ठाऊक होतं आणि पचायचं सगळं काकांना.

आण्णांना एक गोष्ट कधी समजली नाही, की लोकांना पोटाबद्दल ऐकायला आवडत नाही, विशेषतः जेवताना. एकदा माझी मावशी जेवायला आली होती. तांबडा रस्सा वाढून झाला होता, पांढरा यायचा होता, तेवढ्यात आण्णांनी तिला विचारलं, "तुमचं लहान आतडं किती लांब असेल, अंदाज?" मावशीनं घास खाली ठेवला. आण्णा उठले, दोरीवर वाळत घातलेलं आईचं नऊवारी लुगडं ओढून आणलं आणि सोप्यात म्हणजे पुढच्या खोलीत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलं. "ह्याच्यापेक्षा थोडं कमी. आणि एवढं सगळं ह्या एवढ्याशा पोटात घडी घालून बसवलेलं!" आई पांढऱ्या रश्श्याचं पातेलं घेऊन दारातच थांबली. म्हणाली, "आवं, माझ्या लुगड्याला आतडं म्हनायचं काम न्हाय. उद्या मला ते नेसायचं हाय." मावशी पुन्हा आमच्याकडं जेवली नाही. चहाला यायची, तेही घाईत.

आता मी सत्तरीला टेकलेय आणि माझी पाळी आलीय. गेल्या महिन्यात कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी नळी घालून माझं जठर टीव्हीवर बघितलं. मी पडल्या पडल्या मान वळवून बघायचा प्रयत्न करत होते. डॉक्टर म्हणाले, "आजी, हलू नका, डोळे मिटा." मला म्हणायचं होतं, अहो, मी जन्मभर दुसऱ्यांची पोटं बघितली, माझं एकदा तरी बघू द्या की. पण घशात नळी होती.

तर आण्णा आणि काकांनंतर घरात तिसरं पोट होतं तानीचं. तानी म्हणजे आईची म्हैस. पंढरपुरी जातीची, शिंगं पाठीवर पार खांद्यापलीकडं गेलेली, स्वभावानं आईसारखीच, म्हणजे गरीब नव्हे पण न्यायी. आईच्या लग्नानंतर तिच्या वडलांनी गडमुडशिंगीहून एक रेडकू चालवत आणून दिलं होतं, तानी त्या रेडकाची लेक. त्यामुळं घरातली बाकी प्रत्येक वस्तू आण्णांची असली तरी गोठा आईचा होता, आणि गोठ्यात कुणी काय करायचं ते आई ठरवायची. सकाळी धार काढायच्या आधी ती तानीच्या डाव्या कुशीत मूठ रोवायची आणि तशीच थांबायची. मी विचारलं, काय करतीस, तर म्हणाली, "इचारतो तिला, रात्री पचलं काय." आमच्याकडं बायका, मुली सगळ्या 'येतो, जातो, करतो' असंच म्हणतात. बाहेरच्या माणसाला गंमत वाटते, आम्हाला वाटत नाही. मूठ खालून उचलल्यासारखी झाली की आई समाधानानं मान हलवायची आणि मगच बादली मांडीत धरायची.

आण्णांना गोठ्यात फक्त रविवारी प्रवेश होता. ते मला घेऊन तानीसमोर पोत्यावर बसायचे आणि ती रवंथ करायला लागली की कुजबुजत सांगायचे, जणू तिला ऐकू गेलं तर ती थांबेल. "बघ, हिच्या पोटाला चार कप्पे. पहिला एवढा मोठा, की तू आत बसशील. सकाळी नुसतं गिळून तिथं भरून ठेवलंय. तिथं डोळ्यांना दिसत नाहीत असे कोट्यवधी जीव राहतात. वैरण ते पचवतात आणि त्यांच्या जिवावर ही जगते. आपल्याला कडबा खायला घातला तर आपण उपाशी मरू. ही त्याचं दूध करते. आता मानेकडं बघ हां... आला!" आणि खरंच तानीच्या मानेतून एक गोळा खालून वर सरकताना दिसायचा, गोधडीच्या आत उंदीर पळावा तसा, आणि ती पुन्हा चघळायला लागायची. आण्णांनी एका रविवारी पत्र्याच्या नरसाळ्याला रबरी नळी जोडली, नरसाळं तानीच्या डाव्या कुशीवर टेकवलं आणि नळीचं टोक माझ्या कानात दिलं. आधी काहीच नाही. मग लांबून, राधानगरीच्या बाजूला आभाळ गडगडावं तसा एक आवाज आला, वाढत वाढत जवळ आला आणि विरून गेला. माझ्या अंगावर काटा आला. त्यानंतर मी रोज शाळेतून आले की दप्तर टाकून आधी नरसाळं घ्यायची. मिनिटाला एक, कधी दोन. मला ते मोजायचं वेडच लागलं. बापूकाका म्हणायचे, "पोरगी म्हशीसंगं फोनवर बोलतीया."

शाळेत दरवर्षी विज्ञान प्रदर्शन भरायचं. आण्णा दरवर्षी फुटबॉलच्या ब्लॅडरचं जठर आणि सायकलच्या ट्यूबचं आतडं करून मांडायचे, आणि दरवर्षी सगळी गर्दी भूगोलाच्या सरांच्या ज्वालामुखीभोवती असायची. त्यात खाण्याचा सोडा आणि लिंबू घातलं की लाल फेस यायचा आणि पोरं ओरडायची. आण्णांच्या ट्यूबमधून काहीच यायचं नाही, आणि यायला नको असंही हेडसरांचं मत होतं. त्या वर्षी शिक्षण खात्यातले एक मोठे साहेब उद्घाटनाला येणार होते. आई नेमकी तिच्या भावाच्या घरभरणीला दोन दिवस गडमुडशिंगीला गेली होती. आदल्या दिवशी संध्याकाळी आण्णांनी ट्यूबला पंक्चर सापडलं म्हणून ती फेकून दिली, थोडा वेळ अंगणात फिरले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "सुमे, खरं पोट असताना खोटं कशाला न्यायचं?"

बापूकाका ओसरीवर शेंगा खात होते. त्यांनी विचारलं, "वैनीला इचारलास काय?"

"विज्ञानाच्या कामाला परवानगी कसली मागायची?"

"इज्ञानाला नगं की. पर म्हस वैनीची हाय."

आण्णा नरसाळं शोधायला आत गेले. काकांनी शेंग फोडली. खरं सांगायचं तर मला हवंच होतं ते. नरसाळं कसं लावायचं हे अख्ख्या शाळेत फक्त मला येत होतं.

सकाळी आम्ही तानीला न्हाऊ घातलं, शिंगांना तेल लावलं आणि तळ्याच्या बांधावरून निघालो. पुढं दावं धरून मी, मागं नरसाळं आणि पुठ्ठ्याची पाटी घेऊन आण्णा, त्यांच्या मागं बापूकाका, कारण प्रदर्शनानंतर पाहुण्यांसाठी पुरणपोळी होती. शाळेच्या आवारात लिंबाच्या झाडाला आण्णांनी तानीला स्वतःच्या हातानं बांधलं आणि पाटी लावली, 'सजीव पचनसंस्था. कृपया रांगेत यावे.' बाजूलाच पत्र्याच्या शेडमध्ये गावातल्या दोन बायका स्वयंपाकाला आल्या होत्या. परातीत कणकेचा डोंगर मळून ठेवला होता आणि पुरणाची डाळ शिजवून निवत ठेवली होती.

पहिला तास म्हणजे आण्णांच्या आयुष्यातला सगळ्यांत सुखाचा तास असावा. पोरांची रांग पार फाटकापर्यंत गेली. मी नरसाळं लावायची, एकेक जण कानात नळी घालायचा, डोळे विस्फारायचा आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहायचा. एक पोरगा म्हणाला, "आत ट्रक चालू हाय." भूगोलाचे सर ज्वालामुखीजवळ एकटेच उभे होते. त्यांनी दोनदा सोडा घातला, कुणी वळून बघितलं नाही. शेवटी ते स्वतः येऊन रांगेत उभे राहिले. आण्णांनी त्यांना पुढं घेतलं नाही.

मग घंटा झाली. साहेब येताहेत म्हणून सगळ्यांना मैदानात उभं केलं, स्वयंपाकाच्या बायकांना ओवाळायला फाटकाशी नेलं. साहेब दीड तासानं आले. दीड तास आम्ही उन्हात उभे होतो आणि त्या दीड तासात तानी शेडमध्ये होती.

साहेबांना ओवाळून झालं, स्टेजवर हार झाले, हेडसरांचं प्रास्ताविक सुरू झालं आणि आण्णांनी मला खूण केली, जा, तानीला तयार ठेव. मी झाडाशी गेले तर दावं जमिनीवर पडलेलं आणि झाड मोकळं. शेडमधून आवाज आला, "आगं बया बया बया!" दोन्ही बायका परातीकडं बघत उभ्या होत्या. परात इतकी लख्ख चाटली होती, की त्यात माझं तोंड दिसलं. डाळीचं पातेलं आडवं पडलं होतं, तेही रिकामं. तानी कोपऱ्यात उभी होती. अपराधी दिसत नव्हती, पण बरीही दिसत नव्हती. मान लांब केलेली, कान पडलेले, आणि डावी कूस पाठीच्या कण्याच्याही वर आलेली. मी मूठ रोवली, ती आत गेलीच नाही. टिचकी मारली तर हलगीसारखा आवाज आला. मग नरसाळं लावलं आणि ऐकत राहिले. मिनिट झालं, दोन झाली. आत काहीच नव्हतं. रोज ऐकू येणारं ते आभाळ पार गप्प होतं. आज मी सांगू शकते, की त्याआधी मी कधीच खरी भ्याले नव्हते.

मी पळत स्टेजमागं गेले. "आण्णा, तानीचं पोट थांबलंय."

आण्णा आले, त्यांनी परात बघितली, पातेलं बघितलं, कूस बघितली आणि त्यांच्या तोंडाचा रंग उडाला. "कणीक," ते म्हणाले. "पीठ झपाट्यानं आंबतं. वायू तयार होतो. एरवी तो ढेकरावाटे बाहेर जातो. इथं वाट बंद झालीय. कप्पा फुगतो, मग फुप्फुसांवर दाब येतो, मग..." ते बोलत राहिले. फळ्यासमोर उभं राहून बोलत तसंच, पण आवाज कापत होता. त्यांना सगळं माहीत होतं. काय करायचं तेवढं माहीत नव्हतं. मला फार राग आला आणि त्याच वेळी त्यांची फार कीव आली, आणि बापाची कीव येणं हे त्या वयात जड जातं. बापूकाका मात्र परातीकडं एकच नजर टाकून म्हणाले, "पोळ्या गेल्या," आणि हेडसरांची सायकल घेऊन जनावरांच्या डॉक्टरांना आणायला सुटले.

आणि फाटकातून आई आली. तिची एसटी थांब्यावर थांबते न थांबते तोच पानवाल्यानं तिला ओरडून सांगितलं होतं, "वैनी, तुमची म्हस शाळंत घातलीया जनू!" तिच्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात घरभरणीचे लाडू. तिनं दोन्ही माझ्या हातात दिलं आणि तानीच्या कुशीवर हात ठेवला. मग आण्णांकडं बघितलं. आण्णा म्हणाले, "अगं, पहिल्या कप्प्यात वायू..."

"आवं, गप बसा. ती म्हस हाय, फळा न्हाय." आणि बायकांकडं वळून, "गोडंतेल द्या. हिंग, ववा काय असंल ते द्या. सुमे, लिंबाची फांदी मोड, मनगटाएवढी."

तिनं फांदी तानीच्या तोंडात आडवी घातली, दोन्ही टोकांना दोरी बांधून ती शिंगांना आवळली, म्हणजे जनावर चघळत राहतं, तोंड उघडं राहतं आणि वारा सुटायला वाट मिळते. बाटलीत तेल आणि हिंग कालवून तिच्या गालफडात थोडं थोडं सोडलं, मधे थांबत, कारण घाईनं ओतलं तर ते फुप्फुसात जातं. मग म्हणाली, "हिचं म्होरलं पाय उंचावर पायजेत. छातीवरचं वज्जं कमी व्हईल." आवारात सगळं सपाट. उंच अशी एकच जागा होती, स्टेजच्या मागच्या पायऱ्या. आईनं क्षणभरही विचार केला नाही. मी पुढून ओढत, आई बाजूनं, आण्णा मागून खांदा लावून, असं तानीला आम्ही तिकडं नेलं आणि तिचे पुढचे पाय दुसऱ्या पायरीवर चढवले. तिचं तोंड आता पडद्याला लागत होतं. पडद्यापलीकडं साहेबांचं भाषण चाललं होतं. आई आणि मी दोन बाजूंनी कूस खालून वर चोळत होतो. आण्णांनी अंगातला कोट काढून फेकला आणि तेही चोळायला लागले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

साहेब आहारावर बोलत होते. "बालमित्रांनो, शिस्त ही ताटापासून सुरू होते. जो हावरटपणे खातो, त्याला पुढे..."

आणि तानीनं ढेकर दिला.

मी पुढं आयुष्यभर म्हशींचे ढेकर ऐकले, पण तसा पुन्हा ऐकला नाही. माइक पडद्याजवळ होता. तो आवाज आधी पडद्यातून आला, मग मैदानाच्या चारी कोपऱ्यांतल्या भोंग्यांतून आला आणि मग तळ्यावरून परत आला. पडदा वाऱ्यानं फुगावा तसा फुगला. साहेब थांबले आणि शेजारी बसलेल्या हेडसरांकडं बघितलं. हेडसर उभे राहून म्हणाले, "साहेब, मी नव्हे." तेही माइकवर गेलं. तोच दुसरा ढेकर आला, आणि पाठोपाठ माझ्या आईचा आवाज अख्ख्या कळंब्याला ऐकू गेला, "सुटला! सुटला! दे, अजून एक दे माझी बाय!" तिसरा आला. शाळेतली सगळी पोरं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. कुठल्याही साहेबांना त्या मैदानात तेवढ्या टाळ्या मिळाल्या नसतील.

डॉक्टर हेडसरांच्या सायकलवर बापूकाकांच्या मागं डबलसीट आले. बारीक, उन्हानं काळवंडलेले, फार न बोलणारे गृहस्थ. त्यांनी तानीला तपासलं आणि आईला म्हणाले, "चांगलं केलंत. पण वारा गेला म्हणजे संपलं नाही. पीठ अजून आतच आहे, ते आंबट होत राहणार. सोडा पाण्यातून द्या, नुसता वाळला कडबा ठेवा, बाकी काही नको. उद्या दिवस मावळायच्या आत रवंथ करायला लागली तर वाचली." नाही लागली तर काय ते त्यांनी सांगितलं नाही. मग विचारलं, "पोट बंद पडल्याचं पहिल्यांदा कुणी बघितलं?"

मी म्हणाले, "मी ऐकलो."

"ऐकलंस?"

मी नरसाळं दाखवलं. त्यांनी ते हातात घेऊन फिरवून बघितलं. "एरवी किती आवाज येतात?"

"मिनटाला एक. खाल्ल्यावर दोन."

"तुला कसं माहीत?"

"रोज मोजतो की."

त्यांनी नरसाळं परत माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, "मग उद्याही मोज. लिहून ठेव. मी संध्याकाळी येईन."

दुसऱ्या दिवशी आमच्या घरात दोन जिवांनी अन्न सोडलं होतं. तानी गोठ्यात कडब्याकडं पाठ करून उभी होती आणि आण्णा सोप्यात भाकरीकडं पाठ करून बसले होते. त्यांचं पोट आधीच नाजूक, त्यात आई त्यांच्याशी एक शब्द बोलत नव्हती. सकाळी तिनं बादलीत सोडा कालवला, तानीला पाजला, मग त्यातलाच पेलाभर काढून ठेवला. त्यात ओव्याची चिमूट टाकली आणि माझ्याकडं दिला. "नेऊन दे त्यांस्नी. दोघांचं दुखनं येकच हाय." आण्णांनी मुकाट्यानं डोळे मिटून तो पेला रिकामा केला. थोड्या वेळानं सोप्यातून एक बारीकसा, मास्तरी ढेकर ऐकू आला आणि बाहेरून बापूकाका ओरडले, "एकाचा तर सुटला!" आई चुलीकडं तोंड करून हसली. मी बघितलं, पण ती आण्णांना दिसू देणार नव्हती.

मी नरसाळं घेऊन पोत्यावर बसून होते. शाळेला गेले नाही, कुणी जा म्हणालंही नाही. सकाळभर मधूनच एखादी गुरगुर, तीही अर्धवट, सुरू होऊन विरणारी. कळंब्याच्या जेलमधला तासाचा टोल पडला की मी वहीत आकडा लिहायची. दुपारपर्यंत आकडा वाढेना. एकदा मला वाटलं, माझ्याच कानातलं रक्त ऐकू येतंय. मी तानीला म्हणाले, अगं, चूक माझी बी हाय, मला मिरवायचं हुतं. ती माझ्या डोक्यावर गरम श्वास सोडत राहिली, आंबट वासाचा. ऊन गोठ्याच्या दारातून आत आलं तेव्हा पहिला पुरा गडगडाट आला. वाढत आला, जवळ आला, गेला. मग पाच मिनिटांनी दुसरा. मग तिसरा. मी हलले नाही, श्वास पण दबकत घेत होते. तानीनं पाय दुमडले, खाली बसली, एक सुस्कारा सोडला, आणि तिच्या मानेतून गोळा वर सरकला. तिनं जबडा आडवा फिरवला. एकदा, पुन्हा, पुन्हा.

"आई!"

आई पीठ भरलेल्या हातानं धावत आली. दारात थांबली. बघितलं. आणि तिथंच उंबऱ्यावर खाली बसली, पदर तोंडाला लावून. मला वाटलं रडतीय. थोड्या वेळानं पदर काढला तेव्हा रडत होती आणि हसतही होती. मग मान सोप्याकडं वळवून तिनं कालपासून आण्णांशी पहिला शब्द काढला, "आवं, या. या हिकडं. ह्येच दावायचं हुतं न्हवं पोरास्नी?" आण्णा आले आणि तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसले. रविवार नव्हता, तरी ती काही म्हणाली नाही. आण्णांनी बोलायला तोंड उघडलं, आईकडं बघितलं आणि पुन्हा मिटलं. आम्ही तिघं बराच वेळ एका म्हशीला चघळताना बघत बसलो होतो.

साहेबांनी शाळेच्या भेटीच्या वहीत शेरा लिहिला होता, 'विज्ञान प्रात्यक्षिक परिणामकारक. जनावरे आवाराबाहेर ठेवावीत.' हेडसरांनी दुसरं वाक्य आण्णांना दोनदा वाचायला लावलं. आण्णांनी पहिलं वाक्य पाठ केलं होतं.

आठवड्यानं डॉक्टर तानीला पुन्हा बघायला आले. तिच्याजवळून उठून ओसरीवर चहाला बसले आणि माझी वही मागितली. आकडे बघता बघता सहज म्हणाले, "हिला जनावरांची डॉक्टर करा."

बापूकाकांना ठसका लागला. "पोरगी? म्हशीच्या पोटात हात घालत गावोगाव फिरायची व्हय? मग हिच्याशी लगीन कोन करील?"

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "भावजी, म्हस फुगली तवा तुमी परातीकडं बघालता आनि ह्ये तोंडानं धडा वाचालते. पोटाला कान लावून कोन बसलं हुतं?" मग माझ्याकडं वळली. "जातीस काय गं?"

मला नीट कळलंही नव्हतं की कुठं जायचं. पण मी म्हणाले, "जातो."

आईनं तानीच्या औषधाची चिठ्ठी डॉक्टरांपुढं उलटी करून ठेवली. "लिवा हितं. काय शिकाय लागतंय, कुठं जायाचं, कुनाला भेटायचं, समदं लिवा." डॉक्टरांनी गुडघ्यावर चिठ्ठी ठेवून लिहिलं, वर्षं लिहिली, विषय लिहिले, मुंबईतल्या कॉलेजचं नाव लिहिलं. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं ती आण्णांकडं दिली. आण्णांनी पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचली, पुन्हा एकदा वाचली, चष्मा काढून पुसला. मग खिशातलं लाल पेन काढून त्यातली एक वेलांटी दुरुस्त केली आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली.